बोटांना विचारा

काल दुपारी धाकट्या बहिणीचा फोन, ताई तुझ्या लॅपटॉपचा पासवर्ड सांग ना. तोंड उघडलं आणि काहीच येईना. रोज टाकते की मी तो! शेवटी टेबलावरच बोटं नाचवली, कुठलं बोट कुठे जातंय ते बघून एकेक अक्षर सांगितलं. "तुझी बोटं तुझ्यापेक्षा हुशार आहेत" म्हणाली आणि फोन ठेवून दिला, थँक्यू वगैरे काही नाही.

पाढ्यांचंही माझं तसंच. सतरा आठे किती असं मधूनच कोणी विचारलं की आजही मला मनातल्या मनात सतरा एके सतरापासून पळत यावं लागतं, मग छत्तीसासे आपोआप पडतं तोंडातून, पण ते चालीतून येतं, गणिताचा तिथे काही संबंध नसतो. शाळेत बाई मुद्दाम मधलेच विचारायच्या आणि आम्ही ओठ न हलवता पहिल्यापासून सुरू करायचो. ओठ हलायचेच. बाईंना दिसायचेच.

आणि पुस्तकाचं पान! परीक्षेत उत्तर आठवायचं नाही पण ते डाव्या पानावर, खाली, आकृतीच्या शेजारी आहे आणि बाजूला कंटाळून मी पेनाने फूल काढलंय एवढं सगळं लख्ख दिसायचं, त्या फुलाच्या पाकळ्यासुद्धा मोजता आल्या असत्या. मोबाईलवर वाचलेल्याचं हे होत नाही, तिथे सगळं सरकतच असतं, डावं पान नाही की उजवं नाही.

नवीन पुस्तक मी आधी नाकाला लावते, घरचे हसतात, हसू देत. वासाचं प्रकरणच वेगळं आहे. डोळे, कान, कातडी यांचा माल मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातो, वास मात्र तो नाका चुकवून जवळजवळ थेट भावना आणि आठवणींच्या भागात घुसतो. म्हणून तर रेनकोटचा तो रबरी वास आला की पहिलीचा अख्खा वर्ग उभा राहतो, बाकांसकट आणि पोटातल्या गोळ्यासकट. उलटं करून बघा, आत्ता बसल्या बसल्या तो वास आठवायचा. मला तरी नाही जमत, तो यायचा तेव्हाच येतो.

त्यामुळे ते "तुम्ही डोळ्यांनी शिकणारे की कानांनी?" टाइपचे क्विझ दिसले की माझी चिडचिड होते. 2008 मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं होतं, ज्याच्या त्याच्या प्रकाराप्रमाणे शिकवलं की जास्त येतं याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. मला विचाराल तर प्रकार माणसाचा नसतोच, जे शिकायचंय त्याचा असतो. चाल कानाने, नकाशा डोळ्याने, गाठ हाताने. बुटाची नाडी कशी बांधायची ते कोणी नुसतं बोलून शिकवून दाखवा बरं, हात न हलवता.

हाताचं खातं खरंच वेगळं असतं म्हणे. हेन्री मोलेसन नावाच्या माणसाचं 1953 मध्ये फिट्ससाठी मेंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर घडलेलं काही त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली, फार चिडवणारा प्रकार आहे हा, हात उलटाच जातो. त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला, आणि हे आपण आधी कधी केलंय हे मात्र त्याला दर वेळी ठाऊकच नसायचं.

हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. शेवटी शेवटी तिला आमची नावं यायची नाहीत, मला कधी आत्या समजायची, कधी कोणीच नाही. पण चादर हातात दिली की कोपऱ्याला कोपरा लावून अशी घडी घालायची की आम्हाला कुणाला तशी जमली नाही कधी. मी शेजारी बसले की माझा हात घेऊन उलटा सुलटा चाचपायची, अंगठ्याशी थांबायची, आणि मी कोण ते न विचारताच रागवायची, "नखं वाढलीयत, काप आधी."

मी उठून कापून यायचे.