कुंपणाची गळती थांबली, आता कुंपणच हलवायचंय

थांबली एकदाची! पेशीच्या पटलात रेणू कसे फिरतात याचं सिम्युलेशन लिहितोय: ठिपके म्हणजे रेणू, आणि त्यांना कप्प्यांत अडवणारं कुंपण म्हणजे पटलाखालचं ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं. मागच्या वेळी जिथे घोडं अडलं होतं, तिथून आता एकही ठिपका पळत नाही.

तेव्हा ॲक्टिनचं कुंपण ओलांडायची शक्यता शून्य ठेवली, तरी सकाळपर्यंत ठिपके शेजारच्या कप्प्यात हजर. कप्पे पाडायला व्होरोनॉय जाळी वापरलीय, म्हणजे विखुरलेल्या बिंदूंपैकी ज्याला जी जागा जवळची तो त्याचा कप्पा. आणि पळायचे ते नेमके या जाळीच्या तिठ्यांवरून, तीन भिंती मिळतात तिथून. एका भिंतीवर आपटून वळलेला ठिपका त्याच पावलात दुसरीच्या पलीकडे पडायचा, आणि कोड पहिल्या टकरीनंतर बघतच नव्हता. पाऊल लहान केलं की गळती कमी व्हायची, थांबायची नाही. 25 मायक्रोसेकंदांत लिपिड (पटलाचा चरबीसारखा रेणू) साधारण 23 नॅनोमीटर सरकतं; 230 नॅनोमीटरच्या कप्प्यात हे किरकोळ, पण तिठ्याच्या कोनात भरपूर. आता टक्कर झाली की उरलेलं अंतर पुन्हा सगळ्या भिंतींशी तपासतो, संपेपर्यंत. शिवाय टकरीचा बिंदू केसभर आत ढकलतो, नाहीतर तो नेमका रेषेवर बसतो आणि कुठल्या बाजूचा तेच ठरत नाही.

नंबामुळे (पायथन कोड वेगवान करणारी लायब्ररी) हे लॅपटॉपवर झेपतं. त्याचे एरर मेसेज मात्र वैऱ्यावरही येऊ नयेत.

मग पेशीपटलाचे अभ्यासक अकिहिरो कुसुमींच्या गटाचे 2002 चे एनआरके पेशींचे (उंदराच्या मूत्रपिंडाच्या) आकडे लावले: कप्प्याच्या आत लिपिडचा विसरण गुणांक, म्हणजे पसरण्याचा वेग, 5.4 चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद, एका कप्प्यातला मुक्काम 11 मिलिसेकंद. आलेख सुरुवातीला 5.4 च्या चढाने गेला आणि मग वाकून 1.2 च्या आसपास स्थिरावला. कागदावर 230 चा वर्ग भागिले चार गुणिले 11 केलं तरी तेवढंच येतं! बराच वेळ नुसता आलेख बघत बसलो.

पुढे ब्लेंडरमध्ये (त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर) ईजीएफ रिसेप्टरच्या, म्हणजे ईजीएफ हा वाढीचा संदेश पकडणाऱ्या पटलावरच्या प्रथिनाच्या, जोड्या सजवायच्या होत्या. कप्प्यात कोंडलेले रिसेप्टर पुन्हा पुन्हा भेटतात, पुंजका झाला की त्याला कुंपण आणखी जड जातं, संदेश जागीच रेंगाळतो. पण हे लिहिताना खटकलं: कुंपण स्थिर कुठे असतं? ईजीएफ आला की पीएलसी-गॅमा हे विकर पटलातलं पिप-2 हे लिपिड तोडतं, त्यापासून सुटलेलं कोफिलिन हे प्रथिन ॲक्टिनचे धागे कापतं; दुसरीकडे रॅक, वेव्ह, आर्प 2/3 या प्रथिनांच्या वाटेने धाग्यांना 70 अंशांत नव्या फांद्या फुटतात. रिसेप्टरच स्वतःचं कुंपण बदलतो.

तेव्हा ब्लेंडर नंतर. आधी भिंतीचा एकेक तुकडा वेगळा साठवून त्याला आयुष्य द्यायचं, जागृत रिसेप्टरजवळ ते कमी करायचं. जवळच्या भिंती शोधायला केडी-ट्री (जागा दुभागत जाणारी झाडासारखी रचना) नको वाटतो, दर बदलाला नव्याने बांधा! साध्या चौकटींची यादी बरी: जागेचे सारखे चौकोन पाडायचे आणि कुठल्यात कोणती भिंत ते नोंदवायचं. हलत्या भिंतींवर कोणी वापरली असेल तर चौकट केवढी ठेवली ते सांगा.