खुर्ची आधी उलटी करा

बडोद्यात दांडिया बाजारातला किंवा रावपुऱ्यातला एखादा जुना वाडा उतरवला की त्यातलं सामान जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातं. तिथे सरळ पायांची, नक्षी नसलेली कुठलीही खुर्ची ‘शंभर वर्षांची, विलायती’ म्हणून पुढे केली जाते. वरचं पॉलिश बघत बसू नका. आधी ती उलटी करा.

या साध्या खुर्च्यांमागची विलायती शैली म्हणजे आर्ट्स अँड क्राफ्ट्स, यंत्राच्या मालाऐवजी हातकामाला मान देणारी. तिचं मर्म सांध्यात आहे. इंग्रज डिझायनर विल्यम मॉरिस आणि सोबत्यांनी १८६१ मध्ये लंडनला सजावटीची कंपनी काढली. पुढे अमेरिकेत गुस्ताव्ह स्टिकलीने हाच विचार ओकच्या सरळसोट, जड फर्निचरमध्ये उतरवला. सांधा लपवायचा नाही, उलट कुसू (आडव्या लाकडाच्या टोकाला काढलेली, खाचेत बसणारी जीभ) पायाच्या आरपार काढून पलीकडे दिसू द्यायचं आणि त्यात लाकडी खुंटी ठोकायची. नकली मालात चोरी होते ती नेमकी इथेच: आत डॉवेल (गोल लाकडी दांडी) किंवा स्क्रू, आणि बाहेरून लाकडाचा चौकोनी तुकडा चिकटवलेला. खऱ्या कुसवाच्या टोकावर लाकडाचा आडवा छेद असतो, म्हणून भिंगातून बारीक छिद्रं दिसतात. चिकटवलेल्या तुकड्यावर बहुधा लांब रेषा दिसतात.

हुशार कारागीर आडव्या छेदाचाच तुकडा चिकटवतो. अशा वेळी बोट फिरवून बघावं. लाकूड तंतूंच्या रेषेच्या आडवं आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे पाय वर्षानुवर्षं किंचित बारीक होतो, पण आरपार गेलेलं कुसू लांबीला तेवढंच राहतं. मुळात पायाशी सपाट तासलेलं टोक मग केसभर वर आलेलं बोटाला लागतं. खुंटीचंही तसंच. ती गोल न राहता जराशी लंबगोल होते आणि तिचं डोकं उचललं जातं. सपाट केलेल्या जुन्या सांध्यात हे नसेल तर मी तरी पुढे बोलणी करत नाही. गोल मेज असेल तर टेप लावून रेषेच्या दिशेने आणि आडवं, दोन्ही मापं घ्या. आडवं माप काही मिलिमीटर कमी भरायला हवं. दोन्ही तंतोतंत सारखी आली तर नवं काम किंवा प्लाय समजा.

ओक असेल तर चंदेरी चट्टे बघा. ते विशिष्ट दिशेने कापलेल्या फळीवरच उमटतात, म्हणून एकसंध पायाच्या समोरासमोरच्या दोनच बाजूंवर ठळक येतात. चारही बाजूंवर दिसले तर पाय चार तुकडे जोडून केलेला असेल, गुस्ताव्हच्या भावांच्या एल. अँड जे. जी. स्टिकली कंपनीची ही खास रीत, किंवा वर विनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) असेल. कडेला नख लावून तपासा.

बडोद्यात मात्र ओक क्वचितच हाती लागतो. समोर येतं ते सागवान, आणि सांध्याच्या कसोट्या त्यालाही तशाच लागू पडतात. संखेड्याचं खरादी (लेथवर घडवलेलं), लाखेने रंगवलेलं काम किंवा अहमदाबादेत १८८१ मध्ये अमेरिकी सजावटकार लॉकवूड डी फॉरेस्टने मगनभाई हठीसिंगांबरोबर सुरू केलेल्या कारखान्याचं कोरीवकाम यात मिसळू नका. दोन्ही सुंदर आहेत, पण वेगळी आहेत.

शिक्का शेवटी बघायचा. गुस्ताव्ह स्टिकलीच्या शिक्क्यात सुताराचा कंपास आणि ‘आल्स इक कान’ हे डच शब्द असतात, पण शिक्क्याची नक्कल करायला फारसं काही लागत नाही. चौफुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकापासून पुढचे. ते दिसले म्हणून नग नाकारू नका, दुरुस्ती असू शकते. पांढरी ताजी भुकटी सांडत असेल तर मात्र घुण अजून जिवंत आहे, तो नग इतर लाकडाजवळ ठेवू नका.

घरी आणल्यावर मिस्त्रीला सँडिंग मशीन लावू देऊ नका. आतल्या कडेला कापसाने स्पिरिटचा थेंब लावा. पॉलिश चिकट झालं तर ते लाखेचं आहे, आणि त्यावर नवा पातळ हात सहज बसतो. सैल सांधा असेल तर जुना सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा गोंद) कोमट पाण्याने सोडवा, खाच पुसून वाळू द्या, मग पुन्हा सरसच भरून क्लॅम्प लावा. फेव्हिकॉल भरलात तर पुढच्या वेळी तो सांधा न मोडता उघडणं अवघड.