मावशीचं मशीन : चाक सुटलं, पट्टा फुकट गेला

मागच्या वेळी छातीठोक सांगितलं होतं की मावशीचं पायाने चालवायचं शिलाई मशीन जड चालतंय तो दोष पट्ट्याचा. शब्द मागे घेतो. बोहरी आळीतून आणलेला नवा चामडी पट्टा अजून खुंटीला लटकतोय.

नवा चढवायचा म्हणून जुना पट्टा काढला आणि सहज मशीनचं वरचं चाक हाताने फिरवलं. तरीही जड! म्हणजे पट्टा घसरत होता तो चाक जड म्हणून.

मग तीन संध्याकाळी गेल्या. सुईखालची प्लेट उघडली, कापड सरकवणाऱ्या दात्यांमध्ये नमद्यासारखा घट्ट बसलेला कचरा टाचणीने उकरला. शटल (खालचा दोरा धरणारा भाग) काढून बघितलं, फरक शून्य. मागची गोल झाकणी उघडली तर आतल्या दांड्यांवर काकवीसारखा पिवळा थर. कुणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल घातलंय. (कृपा करून घालू नका. ते कालांतराने घट्ट होऊन चिकटतं. शिलाई मशीनचं पांढरं पातळ तेलच घ्या, स्वस्त असतं.) रॉकेल मिळवायला दोन दिवस लागले. ब्रशने लावलं, रात्रभर मुरू दिलं, सकाळी पुसून भोकाभोकात एकेक थेंब तेल. फरक दोन आणे.

ओळखीच्या कारागिराने फोनवरच निदान केलं, ‘शाफ्ट (चाकाचा दांडा) वाकलाय, मोडीत काढा.’ रागाच्या भरात मी चाकाचा मधला मोठा स्क्रू ढिला केला, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) भरताना करतो तसा. आता सुई थांबून चाक एकटंच भिंगरीसारखं फिरायला हवं. सुई थांबली, पण चाक तसंच जड!

म्हणजे रोग मशीनमध्ये नव्हताच, चाकातच होता. ही तपासणी दहा सेकंदांची, आणि मी ती सगळ्यात शेवटी केली.

चाक ओढून काढलं. मागे शाफ्टभोवती दोऱ्याचा आवळलेला गुंडा, सुपारीएवढा. बॉबिन भरताना सुटलेली टोकं तिथे ओढली जाऊन गुंडाळत राहिली असणार. ब्लेडने कापत थर सोडवले : वर पांढरा, मग चिंतामणी, मोरपंखी, अबोली, अगदी तळाला आमसुली. मावशीच्या ब्लाउजांचा अख्खा इतिहास.

चाक परत बसवलं, स्क्रू आवळला, ढिला केला, तर आता चाक सुटेचना. अर्धा तास डोकं खाजवलं. मधल्या स्क्रूखालच्या वॉशरचे आतले दोन वाकवलेले कान मी आतल्या बाजूला करून बसवले होते. ते बाहेरच्या बाजूला लागतात. उलटवला, तरी स्क्रू भलत्याच ठिकाणी अडला. मग वॉशर अर्धा फेरा फिरवून बसवला आणि काम झालं. तुम्ही काढाल तेव्हा आधी मोबाइलवर फोटो काढा.

आता एक टिचकी मारली की चाक गरगरतं. जुनाच पट्टा अर्धा इंच कापून तारेचा आकडा नव्याने अडकवला, मस्त पकडतो. सोळा नंबरची नवी सुई लावून जुन्या चादरीच्या तुकड्यावर टीप मारली. पहिली वीतभर तेलकट आली, पुढची स्वच्छ.

मोटर बसवायचा बेत होता, तो आता रद्द. इतक्या हलक्या मशीनला पायच बरा. आधी बॉबिन भरणीचं रबर बदलतो, ते दगडासारखं कडक झालंय. आमसुली दोरा मावशीला दाखवला. ती म्हणाली, ‘हा ब्लाउज मी बिघडवला होता. कुणाला सांगू नकोस.’