रक्त नाही आलं ना, मग काही नाही?

कोणी पडून डोकं आपटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, रक्त आलं का? नाही ना, मग काही नाही रे, बर्फ लाव आणि झोप जरा. हे ऐकलं की मला धडकीच भरते, कारण कवटीला किती लागलं आणि मेंदूला किती लागलं हे दोन वेगळे हिशोब आहेत.

मेंदू दाबला तर पाण्यासारखाच फारसा दबत नाही, पण पिळला की लगेच ताणला जातो. खरवसाचा डबा झटक्यात गोल फिरवून बघा, डबा फिरतो, आतला खरवस मागे राहतो आणि कडेपासून सुटायला लागतो. ऑक्सफर्डच्या हॉलबॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाने 1943 मध्ये जिलेटिनचा मेंदू वापरून हेच मांडलं, की खरा घात डोकं गर्रकन फिरण्याने होतो. पेशींचे लांब धागे म्हणजे अॅक्सॉन, ते त्या झटक्यात ताणले जातात आणि सीटी स्कॅनमध्ये बऱ्याचदा काहीच दिसत नाही, रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस मात्र कित्येक दिवस भांबावलेला.

मग हेल्मेट कशाला? तर डोक्याला थांबायला जागा मिळावी म्हणून. दीड मीटरवरून डोकं खाली आलं तर वेग होतो ताशी साधारण 20 किमी, ते 2 मिमीत थांबलं तर झटका 750 जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 750 पटीच्या आसपास, आणि आतला थर्माकोल चेपत चेपत 20 मिमीत थांबलं तर 75! सगळं काम त्या थर्माकोलचं, आणि तो एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही, त्यामुळे जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत असू दे, बदलाच. फिरण्याचा झटका मात्र साध्या हेल्मेटने तितका कमी होत नाही, म्हणून आता काही हेल्मेटांत डोक्यालगत सरकणारा एक थर देतात.

आणि आत रक्तस्राव झाला तर तो लगेच कळेलच असं नाही. आपला क्रिकेटपटू रमण लांबा, 1998, ढाका. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे बॅट्समनच्या अगदी जवळ, विना हेल्मेट उभा होता, बॉल डोक्याला लागला, स्वतःच्या पायांनी चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि तीन दिवसांनी वारला, जेमतेम 38 वर्षांचा.

म्हणून मार लागल्यावर उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, तेच तेच परत विचारणं, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.