तुम्ही विचारलंत म्हणून: काम झाले की फुटणाऱ्या आघाडीला अर्थ काय?

आघाड्या, युत्या काम झाले की फुटतात, मग त्यांना अर्थ काय, असे मला धुळ्यात नेहमी विचारले जाते. निवडणुकांनंतर तर हमखास. पण आघाडी किती वर्षे टिकली यावरून तिचे मोल ठरवणे मला मान्य नाही. सामाईक कामासाठी प्रत्येकाने स्वतःचे काय सोडायचे, हे आधी ठरले होते का, एवढेच मी पाहतो.

आपल्या पांझरेवरची फड पद्धत घ्या. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे भाग. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि ते मिळून ठरवायचे. मनात आले म्हणून एकट्याने ऊस लावता येत नाही. पाणीही स्वतः वळवायचे नाही, ते पाटकरी देणार. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असल्याने, पाऊस कमी झालेल्या वर्षी एखादा फडच कोरडा ठेवला, तर त्याची झळ एकट्यादुकट्याला न लागता सर्वांना लागते. शेजाऱ्याशी बोलणे टाकलेला माणूसही (असे आमच्याकडे कमी नाहीत) या व्यवस्थेत नांदू शकतो, कारण मने जुळण्याची अट तिने कधी घातलीच नाही. आज पुष्कळ फड मोडले असले, तरी शेकडो वर्षे ती चालली.

संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन १९५६ साली एका मागणीसाठी एकत्र आले. १ मे १९६० रोजी राज्य झाले आणि समिती फार काळ उरली नाही. तिला मी अपयशी म्हणणार नाही.

याउलट १९२० साली सुरू झालेला राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स) कायम टिकण्यासाठीच उभारलेला होता. आक्रमकाविरुद्ध एकत्र उभे राहण्याचे वचन सर्व सदस्यांनी दिले होते. मात्र कोणी किती सैन्य द्यायचे, याची संघाच्या परिषदेला केवळ शिफारस करता येत होती. १९३५ मध्ये इटलीने अबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) हल्ला केला, तेव्हा आर्थिक निर्बंध लादले गेले, पण त्यांतून तेल वगळले आणि सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांना खुलाच राहिला. संघाचे रीतसर विसर्जन १९४६ मध्ये झाले. अबिसिनियासाठी तो १९३६ साली, निर्बंध उठवले तेव्हाच, संपला होता.