आमची वाटचाल: कपाटाच्या दाराआडचा कागद

नागपूरच्या धंतोलीतल्या एका खोलीत २०११ साली आम्ही दोघा बहीण-भावांनी काम सुरू केलं, तेव्हा पाटीवर फक्त ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’ लिहिलं होतं. प्रिंटर, अँटिव्हायरस, जळालेले एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय. धंतोली-रामदासपेठेत दवाखाने दाट, त्यामुळे एक्स-रे सेंटरवाल्यांची कामं आपसूक येऊ लागली. मागोमाग लग्नाचे फोटोग्राफर आले. दोघांचीही अडचण एकच, फाइली वाढत जातात आणि पुसता येत नाहीत. म्हणून आम्ही लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एकच मोठी डिस्क असल्यासारखी वापरायची सोय, लावून द्यायला लागलो. महागडं कार्ड नको, तीन साध्या डिस्क. एक गेली तरी डेटा शाबूत.

आज आम्ही सात जण आहोत. पण आमच्या कामाला शिस्त लावली ती इतवारीतल्या एका फोटोग्राफर काकांच्या कामाने.

त्यांच्याकडे ४ टीबीच्या तीन डिस्कचा रेड ५, म्हणजे एक डिस्क गेली तरी चालणारा रेडचा प्रकार, होता. ऐन लग्नसराईत जागा संपली. चौथी डिस्क घेऊन मी गेले, जोडायला लागले, तर एमडीअ‍ॅडमने, म्हणजे लिनक्समधल्या रेड हाताळणाऱ्या प्रोग्रामने, नकार दिला: डिस्क पुरेशी मोठी नाही. डबीवर तर ४ टीबी छापलेलं! दुकानातून बदलून आणावी का, या विचारात तास गेला. मग सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे, मोजले. अख्ख्या डिस्कचे ७८१४०३७१६८. जुन्या तिन्ही डिस्क पार्टिशन (डिस्कची आखून केलेली वाटणी) न करता जोडलेल्या होत्या, आणि नवीवर मी सवयीने पार्टिशन केलं होतं. सुरुवातीचे २०४८ सेक्टर सोडलेले, शेवटचे ३३ पार्टिशन टेबलच्या, म्हणजे त्या वाटणीच्या नोंदीच्या, दुसऱ्या प्रतीला गेलेले. एकूण २०८१ कमी, म्हणजे जेमतेम एक एमबी. तेवढ्याने अडलं. पार्टिशन काढून अख्खी डिस्क दिली आणि जोडली गेली.

जुन्या डिस्क जोडल्या होत्या आम्हीच. पण कशा जोडल्या, हे आम्ही कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. याची मला आजही खंत वाटते.

पुढे अ‍ॅरे, म्हणजे जोडलेल्या डिस्कचा संच, वाढवताना आणखी ३०७२ केबी जागा लागत होती, तीही अ‍ॅरेच्या बाहेर. हा आकडा सुटतो कसा, ते आमच्या पोरांना मी फळ्यावर दाखवते. तीन डिस्कवर एका ओळीत डेटाचे दोन तुकडे बसतात, चारवर तीन. तुकडा ५१२ केबीचा. दोन गुणिले तीन गुणिले ५१२, झाले ३०७२. सुरुवातीच्या ओळींत नवी मांडणी जुन्या डेटावरच लिहिली जाते. त्या क्षणी लाइट गेली तर जुनंही नाही आणि नवंही नाही. म्हणून तेवढ्या भागाची नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवायची, त्याच अ‍ॅरेवर कधीच नाही. तो टप्पा ओलांडला की लिहिणं वाचण्याच्या मागे पडतं आणि धोका टळतो. दीड दिवस ते काम चाललं, मे महिना, दुपारी दोनदा लाइट गेली. यूपीएसने सांभाळून घेतलं.

संपलं असं वाटलं तोच काकांचा फोन. “ताई, जागा तेवढीच दिसते न!” अ‍ॅरे वाढला होता, त्यावरची फाइलसिस्टिम, म्हणजे फाइली कुठे आहेत याची मांडणी, वाढवायची राहिली होती. ती वाढवली, तर आकडा १०.९. “बिल तर बाराचं लावलं तुम्ही?” त्यांचा प्रश्न रास्त होता. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, मशीन १०२४ च्या. तीन डिस्कचा डेटा, १२ टीबी, मशीनला १०.९ दिसतो. चौथीएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे एखादी डिस्क गेली तर तिचा डेटा परत काढायच्या हिशोबाला, जाते. हे आधीच सांगायला हवं होतं.

तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवतो. अख्खी डिस्क की पार्टिशन, सगळ्यात लहान डिस्कचे सेक्टर, तुकड्याचं माप, नक्कल कुठे ठेवायची, फाइलसिस्टिम कोणती, वाढवण्याआधी आणि नंतर स्क्रीनवर किती जागा दिसेल. शेवटचा आकडा गिऱ्हाइकाच्या देखत लिहितो, खाली त्यांची सही घेतो. डिस्क विकत घ्यायला त्यानंतरच निघतो.

काकांनी आता पाचवी डिस्क मागवली आहे. फोनवर त्यांनी कागदावरचे सेक्टर स्वतःच वाचून दाखवले.