पिशवी भरत नव्हती

पोटाच्या सोनोग्राफीला आलेल्या बाईला आम्ही आधी पाणी प्यायला लावून बाहेर बसवतो. लघवीची पिशवी भरली की आतलं नीट दिसतं. या 23 वर्षांच्या मुलीची पिशवी दोन तास पाणी पिऊनही 60 मिलिलीटरच्या पुढे जाईना. आई म्हणाली, "मॅडम, तिला लघवी धरवतच नाही. रात्रीतून दहादा उठते."

दीड महिन्यापूर्वी ती माझ्याकडेच येऊन गेली होती. तेव्हा मी लिहिलं होतं : 'पिशवी अपुरी भरलेली, पुन्हा तपासावी.'

दरम्यान पोटात पाणी आणि आतड्याला सूज म्हणून टीबीची औषधं चालू झाली होती. लघवीसाठी तीनदा अँटिबायोटिक दिलं होतं, आणि तिन्ही वेळा लघवीच्या कल्चरमध्ये एकही जंतू वाढला नव्हता. चिठ्ठीवर मात्र एवढंच : 'पोटदुखी, उलट्या'. अशा चिठ्ठ्यांची मला चीड येते.

या वेळी दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली, मूत्रनलिका खालपर्यंत रुंद, पिशवीची भिंत जाड, आणि खडा कुठेच नाही. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन ठीक होतं, म्हणून कॉन्ट्रास्ट देऊन सीटी केला. लहान आतड्याचे वेढे आडव्या छेदात एकात एक कड्यांसारखे दिसत होते : आतलं अस्तर उजळ, मधे सुजेचा काळसर थर, बाहेर पुन्हा उजळ कडा. आतड्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. आतडं आणि मूत्रमार्ग एकाच वेळी, तेही तरुण मुलीत. मी तिला विचारलं, "सांधे दुखतात? केस गळतात?"

"ते तर वर्षभर चालूच आहे."

चेहऱ्यावर चट्टे नव्हते, म्हणून ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, कोणाच्या मनातच आला नव्हता. माझ्याही नाही.

सर्जन पोट उघडायच्या तयारीत होते. मी फिजिशियनना फोन केला. रक्ताच्या तपासण्या ल्युपसकडेच बोट दाखवत होत्या : स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या अँटिबॉडींपैकी एएनए पॉझिटिव्ह, डीएसडीएनए खूप वाढलेलं, आणि या आजारात खर्च होणारी सी3 आणि सी4 ही प्रथिनं दोन्ही कमी. पोटातल्या पाण्यात एडीए, म्हणजे टीबीत वाढणारं एन्झाइम, कमी आल्यावर टीबीची शंकाही मागे पडली. सुजलेलं आतडं गोळी नीट शोषत नाही, म्हणून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड शिरेतूनच दिलं, रोज 1 ग्रॅम, 3 दिवस. पुढे प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोफॉस्फामाइड. चौथ्या दिवशी ती पेज प्यायली आणि उलटी झाली नाही.

आतड्याची सूज उतरली, मूत्रपिंडंही हळूहळू ओसरली. पिशवीचं तसं नाही. जुनी सूज तिथे व्रण ठेवून जाते आणि भिंत आखडते. तीन महिन्यांनी मोजली तेव्हा 110 मिलिलीटर भरली. "आधीसारखी होईल का, मॅडम?" तिने विचारलं. तो दीड महिना माझ्या डोक्यातून जात नाही. मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात पुन्हा मोजू."